लेक्झिंग्टनची गोळी आणि सुप्याच्या वह्या : ‘रीडिंग लाइक अ हिस्टोरियन’ हे साहित्य वर्गात वापरून पाहिल्यावर

गेली चार वर्षं मी हे साहित्य आठवी ते दहावीच्या वर्गांत वापरते आहे. काही पाठ फसले, काही मी फसवले आणि दोन-तीन असे झाले की तास संपल्याची घंटा झाली तरी मुलं उठली नाहीत. आता त्याबद्दल लिहायला हरकत नाही असं वाटतं.

आधी शाळा कशी आहे ते सांगते, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. बारामती तालुक्याचा जिरायती पट्टा, मराठी माध्यम, एका तुकडीत ५६ मुलं, ३५ मिनिटांची तासिका आणि सगळ्या शाळेत मिळून एक चालू प्रिंटर. बारामती म्हटलं की लोकांना ऊस आणि कालवा आठवतो. आमच्याकडे पाण्याचा टँकर येतो.

साहित्य अमेरिकेतलं आहे. पूर्वी ‘स्टॅनफर्ड हिस्टरी एज्युकेशन ग्रुप’ या नावानं ओळखला जाणारा गट आता ‘डिजिटल इन्क्वायरी ग्रुप’ या नावानं काम करतो. ‘रीडिंग लाइक अ हिस्टोरियन’ ही त्यांची पाठमाला. संकेतस्थळावर नाव नोंदवायचं आणि पाठ उतरवून घ्यायचे, पैसे पडत नाहीत. प्रत्येक पाठाच्या मध्यभागी एक प्रश्न असतो. त्या प्रश्नाबद्दल एकमेकांशी न जुळणारे दोन, तीन किंवा चार मूळ कागद असतात, मुलांनी भरायचा तक्ता असतो आणि शिक्षकासाठी टाचण असतं. बस, एवढंच. कागद वाचून उत्तर मुलांनी शोधायचं, आणि ते ज्या ओळीवरून शोधलं त्या ओळीवर बोट ठेवून दाखवायचं.

यामागे सॅम वाइनबर्ग या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाचं संशोधन आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी आठ इतिहासकार आणि आठ शाळकरी मुलं यांच्यापुढे तेच कागद ठेवले आणि वाचताना डोक्यात जे येईल ते मोठ्यानं बोलायला सांगितलं. इतिहासकार मजकूर वाचण्याआधी कागद कोणी लिहिला, कधी लिहिला हे बघायचे. मुलं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचत जायची, धडा वाचतात तशी. हे वाचलं तेव्हा मला माझाच वर्ग दिसला. आमच्या आठवीच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ ‘इतिहासाची साधने’ आहे. भौतिक, लिखित, मौखिक, दृक्-श्राव्य हे चार प्रकार मुलं तोंडपाठ म्हणतात. दहावीचं पुस्तक तर इतिहासलेखनापासूनच सुरू होतं: देकार्त, व्हॉल्टेअर, रांके हे युरोपातले विचारवंत. रांकेनं मूळ दस्तऐवजांवर भर दिला हे माझी मुलं टीप लिहा या प्रश्नात व्यवस्थित लिहितात. मूळ दस्तऐवज मात्र त्यांनी कधी हातात धरलेला नसतो. माझ्या नोकरीची पहिली वीस वर्षं मीही तो त्यांच्या हातात दिला नव्हता.

सुरुवातीचा एक पाठ शाळेच्या उपाहारगृहातल्या मारामारीवर आहे. भांडण कोणी सुरू केलं हे मुख्याध्यापकांना ठरवायचं आहे आणि प्रत्येक जण वेगळंच सांगतो. मी उपाहारगृहाच्या जागी हापसा घेतला. मधल्या सुट्टीत हापशावर दोघांची जुंपली. एकाचा मित्र, दुसऱ्याची बहीण, लांबून बघणारी सातवीची मुलगी आणि आवाज ऐकून नंतर आलेले शिपाईकाका, अशा चौघांच्या जबान्या मीच लिहिल्या. ‘संदर्भ’, ‘पडताळा’, ‘साधनाचा कर्ता’ हे शब्द न उच्चारता मुलांनी पंधरा मिनिटांत सगळं केलं. शिपाईकाका खोटं बोलणार नाहीत, पण त्यांनी सुरुवात बघितलीच नाही, हे मागच्या बाकावरून आलं. हा पाठ कोणत्याही शाळेत, कोणत्याही गावात चालेल. त्याला खर्च शून्य.

मग लेक्झिंग्टन. १९ एप्रिल १७७५ची पहाट. बॉस्टनहून काँकॉर्डकडे निघालेले ब्रिटिश सैनिक आणि लेक्झिंग्टनच्या मैदानात उभे असलेले स्थानिक शेतकरी-शिपाई. गोळी सुटली, आठ स्थानिक माणसं मेली आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं. पहिली गोळी कोणाची? एक कागद म्हणजे ३४ स्थानिकांनी २५ एप्रिलला शपथेवर दिलेलं निवेदन: आम्ही पांगत होतो, आमची पाठ असताना आमच्यावर गोळ्या झाडल्या. दुसरा म्हणजे जॉन बार्कर या ब्रिटिश अधिकाऱ्याची रोजनिशी: आम्ही जवळ जाताच त्यांच्याकडून एक-दोन गोळ्या सुटल्या, मग आमची माणसं हुकूम नसताना त्यांच्यावर धावून गेली.

दोन्ही कागदांचं मराठी मी केलं. वर्गाचा कल आधी शपथेकडे होता. चौतीस माणसं, तीही देवाची शपथ घेऊन. मग एकानं विचारलं, “सगळ्यांनी मिळून एकच कागद लिहिला का, का प्रत्येकानं वेगळा?” एकच, म्हटल्यावर वर्ग जरा शांत झाला. आणि एक मुलगी, जी वर्षभर हजेरीला ‘हजर’ याखेरीज बोलली नव्हती, ती उठून म्हणाली, “बाई, त्या अधिकाऱ्याला खोटंच लिहायचं असतं तर आपल्याच माणसांनी हुकूम मोडला हे त्यानं कशाला लिहिलं असतं?” माणूस स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट लिहितो तेव्हा ती जास्त विश्वासाची असते, हे मी एम.ए.ला शिकले. ती आठवीत स्वतः शिकली.

तरीही या पाठाला माझे दोन तास गेले आणि त्यातला पाऊण तास बॉस्टन कुठे आहे, ते लोक मूळचे इंग्रजच होते तर मग इंग्रजांशी का भांडत होते, हे सांगण्यात. मुलांना खेळ आवडला, पण दुसऱ्याच्या अंगणातला. घरी जाऊन कोणी आजोबांना लेक्झिंग्टनबद्दल विचारणार नव्हतं. जागतिक इतिहासाच्या भागात १८५७च्या उठावावरचा एक पाठ आहे, तो थोडा जवळचा. पण खरा उपयोग तेव्हा झाला, जेव्हा मी पाठ घेणं थांबवलं आणि नुसता साचा घेतला.

आमच्या शाळेपासून सुपे जवळ आहे. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात आजूबाजूच्या गावचे शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांकडे हिशेबाच्या वह्या आणि कर्जाचे रोखे मागितले. वह्या जाळल्या, दुकानं फोडली, धान्य नेलं. इथून उठलेलं लोण पुणे जिल्ह्यातून अहमदनगरकडे गेलं, दोन महिन्यांत सुमारे साडेसहा हजार चौरस किलोमीटरवर पसरलं, तीसपेक्षा जास्त गावं त्यात आली, ९५१ लोकांना अटक झाली. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. माझ्या वर्गातली निम्मी मुलं सुप्याच्या बाजाराला जातात. ही गोष्ट त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हती.

एनसीईआरटीच्या बारावीच्या इतिहासाच्या पुस्तकात या दंग्यांवर चांगलं प्रकरण आहे आणि त्यात मूळ साधनांचे उतारे आहेत. त्यातले तीन मी घेतले. पहिला, पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यानं १६ मे रोजी लिहिलेलं पत्र. दुसरा, कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या रयतेचा नगरच्या कलेक्टरला अर्ज. तिसरा, सरकारनं नेमलेल्या चौकशी आयोगाचा निष्कर्ष, जो १८७८ साली ब्रिटिश संसदेपुढे गेला. फळ्यावर प्रश्न एकच: सुप्याला लोकांनी वह्या का जाळल्या?

पार्श्वभूमी मी अमेरिकेवरूनच सांगितली, कारण सुप्याची गोष्ट खरोखर तिथून सुरू होते. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांश कच्चा कापूस अमेरिकेतून यायचा. १८६१ साली तिथे यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस जवळजवळ बंद झाला आणि आपल्या कापसाचा भाव चढला. मुंबईच्या निर्यातदारांनी शहरातल्या सावकारांना उचल दिली, शहरातल्या सावकारांनी गावातल्यांना, गावातल्यांनी शेतकऱ्याला. १८६५ साली युद्ध संपलं. भाव पडला, वरून खालपर्यंत सगळ्यांचे हात आखडले आणि त्याच सुमारास नव्या जमाबंदीत सरकारचा शेतसारा ५० ते १०० टक्क्यांनी वाढला. इथे मला काही समजावून सांगावं लागलं नाही. “कांद्यासारखंच की,” एक जण म्हणाला, आणि पाच-सहा जणांनी आपल्या घरचा कांदा कोणत्या साली कितीला गेला ते सांगितलं.

दंडाधिकाऱ्याच्या पत्रावर आम्ही अर्धा तास होतो. तो लिहितो, शनिवारी १५ मे रोजी मी सुप्याला पोहोचलो. एक घर जळालं, डझनभर घरं फोडून रिकामी केली, हिशेबाचे कागद, रोखे, धान्य, कापड रस्त्यात जाळलं, राखेचे ढीग अजून दिसतात. नुकसान अंदाजे २५ हजारांवर. सावकार म्हणतात, लाखावर. एका मुलानं बोटांवर मागे मोजून १२ तारखेला बुधवार होता हे काढलं आणि विचारलं, हा माणूस तीन दिवसांनी आला, मग त्याला कोणी सांगितलं? राख त्यानं स्वतः बघितली, बाकीचं ऐकलं. मग मुलांनी पत्रात दोन रंगांनी रेघा मारल्या. बघितलेलं हिरव्या पेननं, ऐकलेलं निळ्या. ही युक्ती त्या अमेरिकन टाचणात नाही, वर्गात सुचली, आणि आता मी प्रत्येक कागदाला वापरते.

मिरजगावच्या अर्जात रयत म्हणते, आम्हाला कापड आणि धान्य रोखीच्या भावानं मिळत नाही, पंचवीस ते पन्नास टक्के चढ्या भावानं घ्यावं लागतं. शेतातला माल सावकार घेऊन जातो, खात्यावर जमा करतो म्हणतो, पण करत नाही, आणि पावतीही देत नाही. हे वाचून झाल्यावर पहिल्या कागदातली राख आणि दुसऱ्या कागदातली वही जोडायला कोणी सांगावं लागलं नाही. “घर एकच जाळलं, वह्या मात्र सगळ्या. म्हणजे राग वहीवर होता.” आमच्या भाषेत हिशेबाची वही आणि शाळेची वही एकाच शब्दानं ओळखली जाते. मुलांनी समोरच्या आपापल्या वह्यांकडे बघितलं, ते मला अजून दिसतं. मग १८५९चा मुदतीचा कायदा सांगितला: रोख्याची मुदत तीन वर्षं. हेतू चांगला होता, व्याज साचू नये हा. सावकारानं दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली. गणिताच्या सरांनी पुढच्या तासाला त्यावर चक्रवाढ व्याजाचं उदाहरण घेतलं.

आणि मग तो प्रश्न आला. “रयतेला लिहिता येत नव्हतं ना बाई? मग हा अर्ज लिहिला कोणी?” या मुलीनं विचारेपर्यंत माझ्याही डोक्यात तो आला नव्हता. मी त्यांना एवढंच सांगितलं की आपल्या हातातले शब्द रयतेच्या तोंडचे नाहीत. ते इंग्रजीत छापलेल्या मजकुरावरून मी मराठीत आणले आहेत, आणि त्याच्या आधीही मध्ये कोणीतरी लिहिणारा बसलेला असणार. हा प्रश्न आम्ही फळ्याच्या कोपऱ्यात महिनाभर तसाच ठेवला.

आता अडचणी, आणि पहिली सर्वांत मोठी आहे. ‘हा कागद कोणी लिहिला?’ हा प्रश्न मुलांच्या हातात आला की महिन्याभरात ती सगळंच फेटाळायला लागतात. आयोगानं म्हटलं, सरकारी सारा हे दंग्याचं कारण नाही, दोष सावकारांचा. आयोग नेमला कोणी? सरकारनं. झालं, सगळा आयोग खोटा! माझा वर्ग इथेच थांबायला निघाला होता. ज्याचा स्वार्थ आहे तो काहीच खरं बोलत नाही, ही समजूत पाठ्यपुस्तकातलं सगळं खरं मानण्याइतकीच आळशी आहे. सारा वाढल्याचं आपल्याला कळतं तेही बरंचसं सरकारी दप्तरांतूनच. आयोगानं जबान्या घेतल्या, आकडे गोळा केले, आणि त्यांच्याच जोरावर आज आपण त्यांचा निष्कर्ष तपासू शकतो. मला यासाठी एक जास्तीचा तास घ्यावा लागला. तक्त्यात मी एक रकाना वाढवला: ‘या कागदातलं काय तरीही विश्वासाचं आहे आणि का?’ हे साहित्य वापरणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की कर्त्याचा प्रश्न एकटा शिकवू नका. त्याच तासात दोन कागद एकमेकांशी ताडून बघायला लावा. नाहीतर संशय तेवढा शिकवला जातो.

दुसरी अडचण माझी मला भोवली. सावकारांपैकी बरेच बाहेरून आलेले व्यापारी होते आणि कागदांत तसे उल्लेख येतात. पहिल्या वर्षी दुसऱ्या तासाला दोन-तीन मुलांनी मागे वळून वर्गातल्या एका दुकानदाराच्या मुलाकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली. मी पाठ तिथेच थांबवला, पण उशीर झाला होता, ती चूक माझी. पुढच्या वर्षीपासून मी उचलीची साखळी आधी फळ्यावर काढते: मँचेस्टर, मुंबई, शहर, गाव, शेतकरी. गावातला सावकार त्या साखळीच्या मधोमध दिसतो, तोही वरच्याला देणं लागतो. आणि वादासाठी मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या भावांची पद्धत वापरते, जी या पाठमालेतल्या काही पाठांतही आहे. चौघांच्या गटात दोघे एक बाजू मांडतात, समोरचे दोघे ती ऐकून त्यांचं समाधान होईपर्यंत परत बोलून दाखवतात, मग बाजू बदलतात, शेवटी बाजू सोडून चौघे मिळून ठरवतात. गेल्या वर्षी सावकाराची बाजू सगळ्यांत चांगली मांडली ती सावकारी कर्जात जमीन गेलेल्या घरातल्या मुलीनं.

बाकीच्या अडचणी सांगण्यासारख्या आहेत, पण पार करण्यासारख्या. साहित्य इंग्रजीत आहे, भाषांतर स्वतः करावं लागतं, एका पाठाला माझ्या दोन रात्री जातात. मूळ कागदाची भाषा मुलांसाठी सोपी करून देण्याची त्यांची पद्धत आहे. सोबत मूळ मजकूरही ते देतात, हे मला प्रामाणिक वाटतं. मीही तसंच करते. पस्तीस मिनिटांत एकही पाठ बसत नाही. मी जोडतासिका मागून घेते. चौघांना एक संच धरला तर चौदा संच लागतात, तीन पानांचे झेरॉक्ससह ८४ रुपये. प्लास्टिकच्या पिशवीत घातले की तीन वर्षं टिकतात.

अभ्यासक्रम कसा संपणार, हे प्रत्येक सहकारी विचारतो. मलाही ती धास्ती होती. अविशाग राइझमन या अमेरिकन संशोधक. त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या पाच सरकारी शाळांत, अकरावीच्या २३६ मुलांवर सहा महिने या पाठांचा अभ्यास केला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. या पद्धतीनं शिकलेली मुलं विचार करण्यात पुढे गेलीच, पण तपशील लक्षात ठेवण्यात आणि वाचून समजण्यातही पुढे होती. तिथलं इथे जसंच्या तसं लागू होईल असं मी म्हणत नाही. मी वर्षाला चारच पाठ घेते, दोन दिवाळीआधी आणि दोन नंतर. दहावीच्या चाळीस गुणांच्या पेपरात उताऱ्यावरचा प्रश्न असतो, त्यात मात्र फरक उघड दिसतो. आधी मुलं उताऱ्यातली वाक्यं उचलून उत्तरात ठेवायची. आता ‘लेखकाच्या मते’ असं लिहून सुरू करतात.

या गटाच्या छोट्या चाचण्याही आहेत, एका पानाच्या. एकीत १६२१च्या पहिल्या ‘थँक्सगिव्हिंग’ या अमेरिकन सणाचं चित्र आहे, काढलंय विसाव्या शतकात. प्रश्न असा की त्या काळी नेमकं काय घडलं हे समजायला या चित्राचा कितपत उपयोग होईल? त्यावरून मी शाळेच्या दर्शनी भिंतीवरचं शिवराज्याभिषेकाचं चित्र घेतलं आणि शेजारी हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत, १६७४ साली रायगडावर स्वतः हजर होता एवढी माहिती दिली. एकानं लिहिलं, “चित्रकारानं दरबार डोळ्यानं बघितला नाही, पण महाराजांवर आपल्या लोकांचं किती प्रेम आहे हे समजायला हे चित्र खरं साधन आहे.” त्या उत्तराला मी पैकीच्या पैकी गुण दिले.

मोबाइलवर येणाऱ्या मजकुरासाठी याच गटाची वेगळी पाठमाला आहे. तिच्यामागचा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो: इतिहासाचे दहा प्राध्यापक, दहा व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी. विद्यार्थी आणि काही प्राध्यापकसुद्धा चकचकीत संकेतस्थळांना फसले. तपासनीस पान वाचत बसले नाहीत, ते लगेच बाहेर पडून त्या पानाबद्दल दुसरे काय म्हणतात ते शोधू लागले. आमच्या शाळेत मुलांना मोबाइल नाही, म्हणून हे मी पालकसभेत घेतलं. सभा वेळेपेक्षा तासभर जास्त चालली.

कोणाला सुरू करायचं असेल तर जूनमध्ये हापसा करा, जुलैत लेक्झिंग्टन करा, आणि पाऊस उघडेपर्यंत आपल्या गावाचा कागद शोधा. प्रत्येक तालुक्याला एक सुपे असतं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी मुलांना घरातला एक जुना कागद बघून यायला सांगितलं. मूळ आणायचा नाही, नक्कल उतरवून आणायची आणि तिच्यावर तीन ओळी लिहायच्या: कोणी लिहिला, कधी लिहिला, कोणासाठी लिहिला. विकास सोसायटीच्या पावत्या आल्या, सातबारे आले, एक लग्नाची याद आली. अर्ज कोणी लिहिला असं विचारणाऱ्या मुलीनं पणजोबांचं गहाणखत उतरवून आणलं होतं. तिसऱ्या ओळीपुढे तिनं सावकाराचं नाव लिहिलं होतं. त्याखाली पेन्सिलनं जोडलं होतं, “पणजोबांचा अंगठा आहे. त्यांना हा कागद कोणी वाचून दाखवला, ते कागदावर नाही.”